मोठेबाबांची बीन

डिसेंबर आला की यूट्यूबवर एक प्रकार हमखास दिसतो. कुणीतरी आपल्या खोलीत बसून 'लास्ट ख्रिसमस' या गाण्यातला सिंथेसायझर हुबेहूब तयार करत असतो. वॅम या जोडगोळीचं ते गाणं १९८४ चं. त्यातली वाद्यं जॉर्ज मायकलनं स्वतःच वाजवली. रोलंड कंपनीचा जुनो-६० आणि तालासाठी लिनड्रम, एवढाच मुख्य संसार. आज चाळीस वर्षांनंतर लोक त्या जुनोच्या एकेका बटणाची जागा शोधत बसतात. मी हे व्हिडिओ जेवताना बघतो आणि दरवर्षी मला वाटतं, आपल्याकडे असं गाणं कोणतं? सण आला की वाजणारच असं?

उत्तर मला मागच्या गणपतीत घरी मिळालं. माझं घर आर्णीला. यवतमाळहून माहूरकडे जाताना अरुणावतीच्या काठी लागतं ते.

माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, तीस वर्षं संदलमध्ये कीबोर्ड वाजवतात. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो. उरूसात दर्ग्यावर चंदनाचा लेप नेतात, ती मिरवणूक म्हणजे संदल. आर्णीत बाबा कंबलपोषांचा दर्गा आहे, त्यामुळे हा शब्द आम्हाला लहानपणापासून ठाऊक. पुढे त्या मिरवणुकीत वाजणाऱ्या ताफ्यालाच लोक संदल म्हणू लागले. आता लग्न असो, गणपती असो, गाडीवर भोंगे, मागे ढोल-ताशे आणि मधोमध कीबोर्ड आला की ते संदल.

आदल्या वर्षी विसर्जनाच्या पावसात मोठेबाबांचा कीबोर्ड भिजला तो कायमचा. त्यात त्यांनी घासून घासून तयार केलेला एक आवाज साठवलेला होता. 'नागीन'ची बीन. नवीन कीबोर्ड आला, पण त्यात ती बीन नव्हती. मी सुट्टीवर आलो तसे म्हणाले, "बाबू, तू कॉम्प्युटरवाला हायेस ना? मले माही बीन आणून दे."

अर्ध्या तासाचं काम, असं मला वाटलं. खऱ्या पुंगीचं रेकॉर्डिंग शोधलं, कापलं, पट्ट्यांवर बसवलं आणि ऐकवलं. मोठेबाबांनी दोन सूर वाजवून हात काढून घेतला.

"हे तं गारुड्याचं हाय. मले नागीनचं पाह्यजे."

मी हसलो. नागीनचं म्हणजे गारुड्याचंच की! पण रात्री जुनं गाणं हेडफोन लावून ऐकलं आणि कळलं, म्हातारा बरोबर बोलतोय. त्या गाण्यात पुंगी नाहीच.

'नागिन' हा सिनेमा १९५४ चा. संगीत हेमंतकुमारांचं, आवाज लताबाईंचा. त्यासाठी हेमंतकुमारांना फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. 'मन डोले'मध्ये जी बीन आपण ऐकतो, ती कल्याणजी वीरजी शहा यांनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवलेली आहे. सोबत हार्मोनियमवर रवी. कल्याणजी म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी झाले त्यातले थोरले. कच्छमधून मुंबईत आलेल्या किराणा दुकानदाराचा मुलगा. रवी पुढे 'चौदहवीं का चाँद'चे संगीतकार झाले. तेव्हा मात्र दोघं दुसऱ्याच्या गाण्यात वाजवणारे होते. त्या काळी तबकडीवर गायिकेचं आणि संगीतकाराचं नाव छापलं जाई, वादकाचं नाही. त्यामुळे देशभर लोक डोलले ते नेमकं कुणाच्या बोटांवर, हे डोलणाऱ्यांना माहीतच नव्हतं.

क्लॅव्हिओलिन हे कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच माणसानं १९४७ च्या सुमारास बनवलेलं वाद्य. छोटा कीबोर्ड आणि वेगळ्या पेटीत अँप्लिफायर-स्पीकर. पियानोच्या पट्ट्यांखाली ते अडकवता येई आणि आवाज कमी-जास्त करायला गुडघ्यानं ढकलायचा एक दांडा असे. आत जुन्या रेडिओसारखे व्हॉल्व्ह.

मग फ्रान्सच्या या पेटीतून बीन कशी निघाली? इथे माझं इंजिनिअरिंग पहिल्यांदाच घरच्या कामी आलं. पुंगीत भोपळ्याच्या आत नळीला वेताची पाती असते. फुंकलं की ती फटाफट उघडते-मिटते, हवा सलग न जाता तुकड्यातुकड्यानं जाते. म्हणून तो चिरका, नाकातला आवाज. क्लॅव्हिओलिनमध्ये हवेच्या जागी वीज. व्हॉल्व्हचं सर्किट चालू-बंद, चालू-बंद होत राहतं आणि जवळजवळ चौकोनी लहर तयार होते. वरची-खालची कंपनं फिल्टरनं छाटायची, थोडा थरथराट द्यायचा. पाती आणि व्हॉल्व्ह दोघंही मुळात दार आपटण्याचंच काम करतात. कल्याणजींनी हे नातं कानानं ओळखलं.

गंमत म्हणजे याच वाद्यावर १९६२ मध्ये इंग्लंडच्या टोर्नेडोज या बँडनं 'टेलस्टार' वाजवलं. निर्माता जो मीक. नाव त्याच वर्षी सोडलेल्या उपग्रहाचं. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं ब्रिटिश बँडचं ते पहिलं गाणं. तिकडे लोकांना त्या आवाजात अंतराळ दिसलं, आपल्याला साप दिसला.

हे सगळं वाचून मी दुसऱ्या दिवशी नव्यानं बसलो. चौकोनी लहर घेतली, ती अरुंद केली, म्हणजे आवाज नाकात गेला. खालचा घोगरेपणा छाटला. सेकंदाला सहाच्या आसपास थरथराट दिला. तरी ती बीन होईना. सूर एकमेकांवर चढत होते, चर्चमधल्या ऑर्गनसारखे. मग आठवलं, क्लॅव्हिओलिनमध्ये एका वेळी एकच सूर वाजतो. दुसरी पट्टी दाबली की पहिला सूर गप्प. मी प्रोग्रॅममध्ये तीच अट घातली. मोठेबाबांच्या हातात दिलं. त्यांनी एक पट्टी धरून ठेवली आणि शेजारच्या पट्टीवर बोट नाचवलं. दम न तोडता फुंकल्यासारखा सूर वळवळला. कीबोर्डवर मींड नसते, पट्टी म्हणजे पायरी. पण दोन पायऱ्यांवर बोट इतकं झरझर चालवायचं की ऐकणाऱ्याला घसरगुंडी वाटावी. ही युक्ती त्यांना आधीपासून येत होती.

"आली?" मी विचारलं.

"आली. पण लय साफ हाय."

आता मात्र मी वैतागलो. मी जुन्या रेकॉर्डच्या जितक्या जवळ जात होतो, तितका त्यांचा चेहरा पडत होता. शेवटी विचारलं, तुम्ही ही बीन शिकलात कुठे? रेकॉर्डवरून? ते म्हणाले, रेकॉर्ड कुठली, घरी रेडिओ नव्हता. लहानपणी वरातीत बेंजोवाला वाजवायचा, त्याचं ऐकून. आणि त्यांचा जुना आवाज त्यांनी खोलीत बसून नव्हे, गाडीवर, भोंग्यातून ऐकत जुळवलेला.

मग आम्ही लॅपटॉप घेऊन गाडीवर गेलो. भोंग्यातून खालचे सूर येतच नाहीत आणि मधले फाटतात. ते फाटणं मोठेबाबांना हवं होतं. तासभर ते मान हलवत राहिले, मी आकडे बदलत राहिलो. एकदा रस्त्यावरून जाणाऱ्या एका पोरानं खिशातून रुमाल काढला, एक टोक दातात धरलं, दुसरं हातात, आणि नागासमोर डोलल्यासारखा डोलला. मोठेबाबा म्हणाले, "थांब. हेच."

मी तो आवाज कीबोर्डमध्ये उतरवला. मग त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर सगळं लिहून दिलं. लहर कोणती, किती अरुंद, थरथराट किती, फिल्टर कुठे. कीबोर्ड पुन्हा भिजला तरी कुणालाही बनवता यावं म्हणून. शेवटी कल्याणजींचं नाव लिहिलं. मोठेबाबांनी ते दोनदा वाचलं.

"हे वाजवणारे होते?"

"हो. तुमच्यासारखेच, पेटीवर."

त्यांनी पेन मागितलं आणि खाली आणखी एक नाव लिहिलं. लहानपणी ऐकलेल्या त्या बेंजोवाल्याचं.