व्यवसाय : रॅपर

नोकरदाराच्या आयुष्याला शिडी असते. कारकून, अधिकारी, शाखाधिकारी आणि शेवटी निरोपसमारंभात शाल-नारळ. आम्ही बी. कॉम. झालो ते या शिडीच्या आशेवर, आणि गेली बावीस वर्षं पहिल्या पायरीवर उभं राहून वरच्या पायऱ्या मोजतोय. पण एकट्यानं गाऊन अख्ख्या गावाला नाचवणाऱ्यांचं काय? त्यांच्या धंद्यात शिडीच नसते हो!

सुलोचना चव्हाणांचंच घ्या. बाई मुंबईच्या. आधी हिंदी चित्रपटांत गायल्या, मग लावणीकडं वळल्या. 1962 च्या ‘रंगल्या रात्री अशा’मध्ये जगदीश खेबुडकरांच्या लावणीतून त्यांनी आमच्या कोल्हापूरच्या मिरचीचा ठसका महाराष्ट्रभर पोचवला. तोही डोक्यावरचा पदर ढळू न देता! आचार्य अत्र्यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलं. सरकारची पद्मश्री आली 2022 साली, म्हणजे मिरचीनंतर साठ वर्षांनी. आणि त्याच डिसेंबरात बाई गेल्या. आमच्याकडं मुदत ठेवसुद्धा इतकी लांबत नाही.

साता समुद्रापलीकडं तरी वेगळं असेल म्हणावं, तर तेही नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात 11 ऑगस्ट 1973 ला एका बहिणीनं शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवायला तिकीट लावून जलसा केला. तबकड्या वाजवायला भाऊ, जमैकातून आलेला अठरा वर्षांचा क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ डीजे कूल हर्क. पोरं नाचतात ती नुसता ढोल-ताशा वाजतो तेवढ्यात, हे त्यानं हेरलं आणि एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटूनपालटून लावत तेवढाच तुकडा लांबवला. हिप-हॉपचं बारसं तिथलंच मानतात. पुढं या संगीतावर लोकांनी बंगले बांधले. हर्क मात्र 2011 साली आजारी पडला तेव्हा विमा नव्हता. उपचारासाठी चाहत्यांपुढं हात पसरावे लागले. तिथल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा मान मिळाला 2023 मध्ये. मूळ रक्कम एकाची, व्याज भलत्याच्या खात्यावर!

हा हिशेब अंधेरीच्या विव्हियन फर्नांडिसला, म्हणजे डिव्हाइनला, बरोबर कळला. 2015 मध्ये नेझीबरोबर ‘मेरे गली में’ गाजलं, 2019 ला त्या दोघांवरून सुचलेला ‘गली बॉय’ आला, आणि त्याच वर्षी गड्यानं स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. खातंही आपलं, पासबुकही आपलं.

हे सगळं वाचायचं कारण घडलं आमच्या शिरोली एमआयडीसीत. फाउंड्रीतला एक पोरगा कर्जाचा अर्ज घेऊन आला. माईक आणि कॉम्प्युटर घ्यायचा होता. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं ‘रॅपर’. साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, “कागदाचे, का प्लॅस्टिकचे?”

पोरगा म्हणाला, “तोंडाचे, साहेब.”

साहेब हसले नाहीत. पगाराची स्लिप मागितली. बिचाऱ्यानं ‘रॅपर’वर काट मारली आणि वर लिहिलं, ‘फाउंड्री कामगार’. कर्ज तेवढ्यावरच मंजूर झालं.

बँकेच्या नियमानं खाडाखोडीशेजारी सही लागते. ती मी घेतली, ‘रॅपर’ला अगदी खेटून. अर्ज फाइलीत आहे. उद्या कुणी या पोराची पहिली स्वाक्षरी शोधत आला, तर कपाटाची किल्ली माझ्याकडं आहे.