जुने नकाशे आणि बेल्सेनची भूमी



जमिनीच्या इतिहासाला दस्तऐवजांइतकाच जुन्या नकाशांचाही आधार असतो. शेत, कुरण, वन, दलदल, वस्ती यांची निरनिराळी चिन्हे त्यांवर असतात. एकाच प्रदेशाचे वेगवेगळ्या काळांतील नकाशे समान प्रमाणावर आणून ताडून पाहिले, म्हणजे जमिनीचा वापर कोठे व केव्हा बदलला हे उमगते. उत्तर जर्मनीतील ल्यूनेबुर्गच्या माळरानाचे उदाहरण घेऊ.

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज हा हॅनोवरचाही अधिपती होता. त्याच्या कारकिर्दीत, १७६४ ते १७८६ या काळात, सैन्यातील अभियंत्यांनी हॅनोवरची मोजणी करून हाताने रंगविलेले नकाशे सिद्ध केले. त्यांवर खुरट्या झुडपांचा माळ दूरवर पसरलेला दिसतो. तेथे मेंढ्या चरत, मधमाश्या पाळल्या जात. एकोणिसाव्या शतकात सामाईक जमिनींची वाटणी झाली, परदेशी लोकरीमुळे मेंढपाळी परवडेनाशी झाली आणि खतांमुळे रेताड जमीनही पिकू लागली. पुढील १:२५,००० प्रमाणाच्या प्रशियन नकाशांवर माळ आक्रसून पाइनची वने व शेते वाढलेली आढळतात.

याच प्रदेशातील बेर्गन गावाजवळचा बदल मात्र अर्थकारणातून झाला नाही. १९३५ पासून तेथे लष्करी सरावभूमी उभारली गेली व अनेक गावे उठविण्यात आली. कामगारांच्या बराकींत १९४० पासून युद्धकैदी कोंडले गेले आणि १९४३ मध्ये बेर्गन-बेल्सेनची छळछावणी सुरू झाली. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्य पोहोचले, तेव्हा सुमारे ६०,००० बंदी तेथे होते. उवांमधून पसरणारा टायफस थैमान घालीत होता. म्हणून बराकी जाळण्यात आल्या. शेवटची २१ मे रोजी. परिचारिका या नात्याने मी म्हणेन, ते अपरिहार्य होते. परंतु त्यामुळे छावणीच्या दृश्य खुणाही नाहीशा झाल्या.

आज तेथे पुन्हा झुडपे व झाडे आहेत. माळाच्या चिन्हाने नकाशावर माळच दिसेल. भूमीवरील लांबट उंचवटे मात्र सामुदायिक कबरी आहेत. वाचलेल्या यहुदी बांधवांनी १५ एप्रिल १९४६ रोजी तेथे दगडी स्मारक उभारले, कारण जमिनीत कोण विसावले आहे हे स्मरण ठेवणारेच सांगू शकतात.

हे आपल्या कोकणालाही लागू आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या, एका इंचास एक मैल प्रमाणाच्या, जुन्या नकाशांशी आजचा रायगड जिल्हा ताडून पाहा. भातखाचरांच्या जागी वसाहती व कारखाने दिसतील. नवगावचे आपल्या पूर्वजांचे दफनस्थान सर्वांना ठाऊक आहे. पण ज्या गावांतून आपली कुटुंबे मुंबईला व इस्राएलला गेली, तेथील लहान कबरस्ताने कोण दाखविणार? ज्येष्ठांनी आपल्या गावच्या कबरस्तानाची जागा विहीर, ओढा, वाट यांच्या खुणांसह नकाशावर नोंदवावी आणि ती नोंद सिनेगॉगच्या दप्तरी ठेवावी, एवढीच माझी विनंती.