जेवणाआधीची वाट

मोबाइल, कॅमेरा, पाण्याची बाटली इथेच ठेवा आणि चला. साल 1790 च्या आसपासचं आहे. सेंट व्हिन्सेंट बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, एका शाकारलेल्या घराच्या पडवीत तुम्ही उभे आहात. इथले लोक या बेटाला युरुमेइन म्हणतात. त्यांचे चेहरे आफ्रिकेचे, पण बोली दक्षिण अमेरिकेतून आलेल्या अरावाक कुळातली. गुलामांच्या व्यापारातून निसटलेले आफ्रिकी आणि बेटावरचे मूळ रहिवासी यांची सोयरीक जुळून पिढ्या लोटल्या आहेत. आजूबाजूच्या बेटांवर उसाच्या मळ्यांत गुलाम राबताहेत, हे लोक मात्र कुणाचेच गुलाम नाहीत. शिवाय त्यांच्याकडे सुपीक जमीन आहे. इंग्रजांना खुपतं ते नेमकं हेच.

पडवीतल्या बायका तुमच्याकडे बघतही नाहीत. त्यांच्या हाताला काम आहे. लाकडी फळीत टोकदार दगडांच्या बारीक कपच्या बसवल्यात, तिला एगी म्हणतात. तिच्यावर कसाव्याचे सोललेले कंद किसले जाताहेत आणि किसण्याच्या लयीवर गाणं चाललंय. कसावा कडू जातीचा आहे. तसाच खाल्ला तर जिवावर बेतेल. म्हणून किस रुगुमात भरतात. रुगुमा म्हणजे पट्ट्यांची विणलेली माणसाएवढी लांब नळी. तिचं वरचं टोक आढ्याला अडकवायचं, खालच्या फासात दांडा घालायचा आणि त्या दांड्यावर एका बाईने चक्क बसायचं. तिच्या भाराने नळी ताणते, बारीक होते आणि आतलं विषारी पाणी ठिबकू लागतं. पाणी निवळलं की भांड्याच्या तळाशी पांढराशुभ्र गाळ बसतो. बोट घालू नका. ओळख मात्र ठेवा, कारण एकादशीला तुम्ही जो साबुदाणा खाता, तो याच कंदाच्या सत्त्वाचा.

दुसऱ्या दिवशी तो पिळलेला किस चाळून तापलेल्या मोठ्या तव्यावर पसरतात. त्यात पाणी नाही, तेल नाही. अंगच्या ओलाव्याने तो धरतो. मग काठ सारखे करायचे, छोट्या केरसुणीने वरचा भुगा झाडायचा आणि उलटायचं. ही एरेबा. पातळ, कडक, फिकी. खरं सांगायचं तर पहिल्या घासाला तिची चव लागत नाही. पण ती महिनोन्महिने टिकते. पुढच्या काही वर्षांत या लोकांना टिकणाऱ्या अन्नाची फार गरज पडणार आहे.

14 मार्च 1795 ला त्यांचा सरदार जोसेफ शॅटोयर, त्यांचा सातुये, इंग्रजांशी लढताना मारला जातो. वर्षभराने प्रतिकार मोडतो. घरं, शेतं, होड्या जाळल्या जातात. चार हजारांहून अधिक माणसं बालिसो नावाच्या एवढ्याशा बेटावर नेऊन टाकली जातात. तिथे प्यायला धड पाणी नाही. काही महिन्यांत तापाने त्यांतली जवळपास निम्मी मरतात.

बालिसोवर तुम्ही रेंगाळू नका. इथे बघ्यांची काही गरज नाही.

11 मार्च 1797 ला उरलेल्यांना जहाजांत भरलं जातं. बायकांनी कसाव्याच्या कांड्या कपड्यांत लपवून नेल्या, अशी आठवण आजही सांगतात. कागदावर तिचा पुरावा मागत बसू नका. शेतकऱ्याला ती पटते, कारण कसावा बियाण्यावाचून लागतो, खोडाची वीतभर कांडी पुरते. 12 एप्रिलला त्यांना होंडुरासजवळच्या रोआटान बेटावर उतरवतात. उतरतात ती दोन हजारांच्या आसपास. तिथून ते मुख्य भूमीवर त्रुहियोला जातात आणि मग किनाऱ्या-किनाऱ्याने पसरतात. आज होंडुरास, ग्वाटेमाला, बेलीज आणि निकाराग्वात त्यांची गावं आहेत, अमेरिकेतल्या शहरांत मोठी वस्ती आहे.

19 नोव्हेंबर 1832. होंडुरासच्या यादवीत हरलेल्या बाजूला सापडलेले काही जण अलेहो बेनीच्या मागे होड्यांतून बेलीजच्या किनाऱ्याला लागतात, आज जिथे डॅनग्रिगा आहे तिथे. ज्या इंग्रजांनी हाकललं, त्यांच्याच वसाहतीत आसरा मागायचा! इतिहासाला अशा थट्टेची खोड आहे.

आता आजच्या काळात या. तारीख तीच, पहाट डॅनग्रिगाची. रात्रभर ढोल वाजलेत, त्यामुळे तुमचे डोळे चुरचुरताहेत. होड्या पुन्हा येतात. त्यांत माणसं, ढोल, केळीची पानं आणि कसाव्याच्या कांड्या. उतरण्याची परवानगी मागण्याचा प्रसंग दरवर्षी नव्याने वठवतात, मग पिवळ्या-पांढऱ्या-काळ्या झेंड्यांमागून मिरवणूक चर्चकडे निघते. थॉमस व्हिन्सेंट रामोस यांनी हा दिवस 1941 मध्ये सुरू केला आणि 1977 पासून साऱ्या देशाला सुट्टी असते. तुम्ही मिरवणुकीच्या शेपटाला राहा. पुढे घुसून म्हाताऱ्या बायांच्या तोंडासमोर कॅमेरा धरणारे पाहुणे दरवर्षी असतातच, तुमची भर नको.

ढोल दोन. सेगुंडा ठेका धरून ठेवतो, प्रिमेरो त्यावर खेळतो, नाचणाऱ्याच्या पावलांशी बोलतो. हॉटेलच्या वाळूवर पाहुण्यांपुढे कंबर हलवत जो पुंता नाचतात, तो इथे मयताच्या घरी, नवव्या रात्रीच्या जागरणातही नाचला जातो. हे कळल्यावर टाळ्या वाजवणारे हात जरा अडखळतात. युनेस्कोने 2001 मध्ये या लोकांची भाषा, नृत्य आणि संगीत यांना मानवजातीचा वारसा म्हटलं, ते बरंच झालं. पण डुगू हा वेगळा मामला. पूर्वजांना जेवू घालण्याचा, दिवसचे दिवस चालणारा हा विधी. बुयेई, म्हणजे इथला पुजारी, तो चालवतो आणि त्यासाठी दूरदेशीचे नातेवाईकही गावी येतात. कुणी आपण होऊन बोलावलं नसेल, तर दाबुयाबाच्या, म्हणजे या विधीच्या देवघराच्या, दाराशी घुटमळूही नका. पैसे देतो म्हणणं तर फारच वाईट.

भूक लागली असेल. हॉपकिन्स गावात जा. चुलीजवळच्या बाईला नावाआधी ‘मिस’ लावून हाक मारा, वडीलधाऱ्यांना इथे तसंच म्हणतात. उकडलेली हिरवी आणि अर्धी पिकली केळी तिने हानात, म्हणजे खोल लाकडी उखळात टाकलीत. मुसळ तुमच्या हाती येतं. चार घावांत ते चिकटून बसतं.

“पाण्यात बुडव आधी,” ती म्हणते. “आणि खांद्याने नको, अंगाने मार.”

पलीकडे नारळाचा रस मंद आचेवर ठेवलाय. त्यात कांदा, मिरी, भेंडी आणि तांबोशीसारखा मासा. हा सेरे. उकळी फुटू देत नाहीत, रस फाटतो. केळ्याचा गोळा घोटून गुळगुळीत झाला की हुदुत तयार. हाताने तोडा, रसात बुडवा, काटे सांभाळा. किती द्यायचे ते जेवणाआधीच विचारून घ्या आणि घासाघीस करू नका.

“तुमच्याकडे माशात नारळ घालतात?” ती विचारते.

घालतात, तुम्ही सांगता. कोकणात. तिरफळ असतं, आणि आंबटपणाला कोकम.

“नारळात आंबट?” तिच्या कपाळाला आठ्या. मग परसाकडे तोंड करून ती शेजारणीला हाक मारते, “अगं, इकडे ये, हा काय म्हणतोय ऐक!”