सॅटर्न, प्लेस्टेशन आणि निन्टेंडो ६४ : तीन कन्सोलची तुलना

व्हिडिओ गेमच्या इतिहासात १९९४ ते १९९६ ही वर्षे निर्णायक ठरली. सेगा, सोनी आणि निन्टेंडो या तीन जपानी कंपन्यांचे नवे कन्सोल याच काळात एकमेकांसमोर उभे ठाकले. सपाट चित्रांचे खेळ मागे पडून त्रिमितीय खेळांचे युग सुरू होत होते. या स्पर्धेत सर्वाधिक वेगवान यंत्राला सर्वाधिक ग्राहक लाभले नाहीत. त्यामागील कारणे तिन्ही यंत्रांच्या जडणघडणीत सापडतात.

सेगा सॅटर्न

सॅटर्नची विक्री जपानमध्ये २२ नोव्हेंबर १९९४ रोजी सुरू झाली. द्विमितीय चित्रे हाताळण्यात त्याची क्षमता उल्लेखनीय होती. मात्र त्यात दोन मुख्य प्रोसेसर होते आणि दोहोंकडून एकाच वेळी काम करून घेणे गेम घडवणाऱ्यांना अवघड जाई. प्लेस्टेशन त्रिकोण जोडून आकृती उभी करी, तर सॅटर्नची रचना चौकोनांवर आधारलेली होती. त्यामुळे एका यंत्रासाठी तयार केलेला खेळ दुसऱ्यावर आणणे कष्टाचे होई.

सोनी प्लेस्टेशन

निन्टेंडोच्या कन्सोलला सीडीची जोड देण्याच्या प्रकल्पात सोनी आधी सहभागी होती. १९९१ मध्ये निन्टेंडोने सोनीऐवजी फिलिप्सशी हातमिळवणी केली. त्यानंतर केन कुतारागी यांच्या पुढाकाराने सोनीने स्वतःचा कन्सोल घडवला आणि तो ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानच्या बाजारात आला. त्याची रचना सुटसुटीत असल्याने त्यासाठी खेळ तयार करणे तुलनेने सोपे होते. दोषही होतेच. जवळून पाहताना भिंती आणि जमिनीवरील नक्षी वाकडीतिकडी होताना दिसे. सीडीवरून माहिती वाचली जाईपर्यंत खेळाडूला थांबावे लागे आणि खेळातील प्रगती जतन करण्यासाठी मेमरी कार्ड वेगळे घ्यावे लागे.

निन्टेंडो ६४

हा कन्सोल २३ जून १९९६ रोजी जपानमध्ये दाखल झाला. त्याच्या प्रोसेसरचा वेग ९३.७५ मेगाहर्ट्झ होता, तर प्लेस्टेशनचा सुमारे ३४ मेगाहर्ट्झ. एका वेळी चार खेळाडूंना पुरतील एवढे कंट्रोलर त्याला थेट जोडता येत. ‘सुपर मारिओ ६४’ने त्रिमितीय जगात पात्र कसे फिरवावे, याचा वस्तुपाठच घालून दिला. मात्र निन्टेंडोने सीडी न स्वीकारता कार्ट्रिज, म्हणजे आपल्याकडे जिला सर्रास ‘कॅसेट’ म्हटले जाई ती, कायम ठेवली. कॅसेट लावताच खेळ जवळजवळ लगेच सुरू होई आणि तिची नक्कल करणे सीडीइतके सोपे नव्हते. परंतु तिची क्षमता जास्तीत जास्त ६४ मेगाबाइट होती. सीडीवर सुमारे ६५० मेगाबाइट मावत आणि ती तयार करण्याचा खर्चही बराच कमी होता.

पारडे कोठे झुकले?

११ मे १९९५ रोजी लॉस एंजेलिस येथील प्रदर्शनात सेगाने सॅटर्नची अमेरिकेतील विक्री त्याच दिवसापासून, ३९९ डॉलरला सुरू झाल्याचे जाहीर केले. ही घाई अंगाशी आली. पुरेसे खेळ तयार नव्हते आणि निवडक दुकानांनाच माल मिळाल्याने वगळलेले विक्रेते नाराज झाले. त्याच प्रदर्शनात सोनीने प्लेस्टेशनची किंमत २९९ डॉलर असल्याचे सांगितले.

निन्टेंडोला फटका बसला तो कॅसेटमुळे. तोवर निन्टेंडोच्या कन्सोलसाठी ‘फायनल फँटसी’ मालिका घडवणारी स्क्वेअर ही कंपनी सोनीकडे वळली. १९९७ मध्ये आलेल्या या मालिकेतील सातव्या खेळाने तीन सीडी व्यापल्या. एवढा ऐवज कॅसेटमध्ये बसणे शक्यच नव्हते.

अखेर प्लेस्टेशनची विक्री १० कोटींवर गेली. निन्टेंडो ६४ सुमारे ३ कोटी ३० लाखांवर थांबला, तर सॅटर्नला एक कोटीचा टप्पाही गाठता आला नाही. सेगाचा पुढचा कन्सोल ड्रीमकास्टही तग धरू शकला नाही आणि २००१ मध्ये कंपनीने कन्सोलनिर्मितीतून माघार घेतली.

प्रोसेसरच्या वेगाचे आकडे कन्सोलच्या जाहिरातींत आजही ठळकपणे झळकतात. या तीन यंत्रांचा इतिहास पाहता खरेदीपूर्वी आणखी तीन गोष्टी तपासणे हिताचे ठरते : आवडीचे खेळ त्या कन्सोलवर उपलब्ध आहेत का, खेळांच्या किमती खिशाला परवडतील का आणि गेम घडवणाऱ्या कंपन्या त्या यंत्रासाठी पुढेही काम करीत राहतील का.