आमच्या घरातले फकीर

परवा आत्याशी फोनवर बोलता बोलता चोंग्यांचा विषय निघाला. चोंगे म्हणजे गूळ घालून केलेले, वर नक्षी उठवलेले गोड रोट. आमच्या सांगलीकडे ते मोहरमला होतात. पुण्याच्या एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तुमच्या घरात? मोहरम?" म्हणून हे लिहायला बसलो.

आजोबांच्या आधीची दोन भावंडं वाचली नाहीत. पणजीने पिराला नवस बोलला आणि आजोबा दरवर्षी मोहरमचे फकीर झाले. हिरवा सदरा, गळ्यात रंगीत दोरा आणि पाच घरची भिक्षा. आडनाव कुलकर्णी, बरं का!

खरं तर मोहरम हा 'साजरा' करायचा सणच नव्हे. इ. स. 680 मध्ये पैगंबरांचे नातू इमाम हुसेन करबलाच्या मैदानावर मारले गेले, तो मोहरमचा दहावा दिवस. शिया त्या दिवसांत शोक पाळतात, बरेच सुन्नी रोजा ठेवतात. दख्खनमध्ये मात्र याला निराळंच रूप आलं. आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ आदिलशहा शिया होता. दरबारातला शोक हळूहळू गावागावांत उतरला आणि तिथे त्याची जत्रा झाली. चंद्र दिसला की अलाव्याच्या खड्ड्यासाठी कुदळ मारायची, पंजे बसवायचे, नवस फेडायचे, अंगावर पट्टे रंगवून वाघ नाचायचे. कडेगावच्या उंचच उंच ताबुतांच्या भेटी बघायला तर आजही सगळ्या जातीधर्मांची माणसं लोटतात. मान हिंदू घरांकडेही आहेत.

पुण्यातही हिंदू ताबुतांत असत. मग 1893 साल आलं. जुलैत प्रभासपाटणला मोहरमच्या वेळी दंगल झाली, 11 ऑगस्टला मुंबई पेटली. पुढच्या वर्षी पुण्यातल्या बहुतेक हिंदूंनी ताबुतांकडे पाठ फिरवली आणि सार्वजनिक गणेशोत्सवाने जोर धरला. मेळ्यांतल्या काही पदांत तर मोहरमला जाऊ नका, असं उघड सांगितलेलं असे. गंमत (की दुःख?) अशी की मेळे, मिरवणूक, शेवटी पाण्यात विसर्जन हा थाट ताबुतांशी किती जुळतो, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. लोकमान्यांबद्दलचा माझा आदर यामुळे कमी होत नाही. पण त्या वर्षी आपण काहीतरी गमावलं, असं मला वाटतं.

दोष एकाच बाजूचा नाही. ताबूत, नवस हे धर्मात बसत नाही, असं म्हणणारे मुसलमानही आहेत. आमच्या गावातले दोन पंजे त्यामुळेच बसायचे थांबले. म्हणजे कोणी 'हे आपलं नाही' म्हणून गेलं, कोणी 'हे शुद्ध नाही' म्हणून. असो.

हिजरी वर्ष आपल्या सौर वर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी लहान, त्यामुळे मोहरम सगळ्या ऋतूंतून फिरतो. भाद्रपदात आला की दहावा दिवस गणपतीतच पडतो. 2018 ते 2020 अशी लागोपाठ तीन वर्षं ते झालं. 2018 ला मी गावी होतो. मोदक आणि चोंगे एकाच ताटात, आणि बाहेर ताशा नक्की कोणाचा वाजतोय ते कळेना!

आत्याला विचारलं, यंदा चोंगे कोणी केले? तर म्हणाली, "शेजारच्या चाचींचे गुडघे गेलेत रे. मीच करून त्यांच्याकडे पाठवले. फातेहा त्यांनी दिला."