दुबार उमटणारे अक्षर

१/ पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असतानाचा १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम. त्याने सरकारी कचेऱ्यांत मराठी टंकलेखन यंत्राला मान मिळाला. त्या यंत्रावर कळ कितीही वेळ दाबून धरा, अक्षर एकदाच उमटे.

२/ आज लॅपटॉपवर एका दाबात दोन काने पडतात. रोमन लिपीत जादा अक्षर खपून जाते; देवनागरीत दुसरा काना निराधार होतो आणि त्याच्या पोटाशी ठिपक्यांचे वर्तुळ उमटते.

३/ कारण सूक्ष्म आहे. कळेतील संपर्कबिंदू भिडताना काही सहस्रांश सेकंद थरथरतात. कीबोर्डमधील यंत्रणा ती थरथर गाळते. धूळ वा झीज यांमुळे ती लांबली की दोन दाब मोजले जातात. अॅपलने २०१५ मध्ये आणलेल्या पातळ ‘बटरफ्लाय’ कळांची हीच तक्रार होती. २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्ती जाहीर करावी लागली.

४/ नवा कीबोर्ड बसवेपर्यंत विंडोजमधील ‘फिल्टर कीज’ चालू करावे. लागोपाठचे दुसरे ठोके ते सोडून देते. विंडोज ९५ मध्येही असलेली ही सोय मुळात घडवली गेली ती हात थरथरणाऱ्या माणसांसाठी.