पायातला कोबाल्ट आणि मशीनमधला कोबाल्ट

सोनगीरच्या माणसाला धातूबद्दल काही शिकवायला जाऊ नये. तांबं-पितळेची भांडी ठोकण्यात इथल्या घरांच्या पिढ्या गेल्या आहेत. म्हणून त्या दिवशी एका म्हाताऱ्या तांबटाने मला धातूबद्दलच प्रश्न विचारला, तेव्हा मी जरा सावरूनच बसलो.

त्यांच्या सोळा वर्षांच्या नातवाला गुडघ्याजवळ हाडाचा कॅन्सर झाला होता. मुंबईला ऑपरेशन झालं, पाय वाचला, आत धातूचा सांधा बसला. डिस्चार्जच्या कागदावर कुठेतरी ‘कोबाल्ट क्रोम’ असं लिहिलेलं होतं. शेजारच्या एका बाईंनी पूर्वी गर्भाशयाच्या कॅन्सरसाठी ‘कोबाल्ट घेतला’ होता, हे साऱ्या गल्लीला माहीत. झालं, लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. घरातली सून गरोदर, तिची झोपायची खोली बदलली. पोराचं ताट-वाटी वेगळं झालं. नाना मला हळूच म्हणाले, “डॉक्टरसाहेब, त्याच्या पायातून किरणं निघत असतील ना? खरं सांगा.”

मी म्हटलं, “नाना, एकही किरण निघत नाही. ताट आजच एकत्र करा.” उत्तर इतकंच. पण एकाच नावाचा धातू एकीकडे हाडाच्या जागी बसतो आणि दुसरीकडे कॅन्सर जाळतो, हे घडलं कसं, ते पूर्ण सांगायला दवाखान्यात वेळ नव्हता. म्हणून इथे लिहितो.

आधी पायातला कोबाल्ट. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे आपल्या आजीला माहीत होतं. आंबट आणि खारट द्रवात धातू विरघळतो. आपलं शरीर आतून खारटच आहे. मोडलेल्या हाडावर पोलादाची पट्टी बसवण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून चालू होते, लंडनचा सर्जन लेन हा त्यात आघाडीवर. पण पट्ट्या आत गंजायच्या, स्क्रू ढिले व्हायचे, भोवतालचं हाड झिजायचं. त्याचा दोष बरेचदा जंतूंवर जायचा. १९३०च्या दशकात टेक्सासमधल्या व्हेनेबल आणि स्टक या दोन डॉक्टरांनी प्रयोग करून दाखवलं की शरीरातल्या खारट पाण्यात दोन वेगळे धातू असले की त्यांची बॅटरी तयार होते आणि तो विजेचा बारीक प्रवाह हाड खातो. जवळजवळ न कळकणारा धातू त्यांना सापडला तो दातांच्या डॉक्टरांकडे! कवळीच्या सांगाड्यासाठी व्हायटॅलियम नावाचा मिश्रधातू तेव्हा नुकताच वापरात आला होता. त्यात मुख्यतः कोबाल्ट, सोबत क्रोमियम आणि थोडं मॉलिब्डेनम. मेणाचा नमुना करून, त्यावर साचा घेऊन, मेण वितळवून तिथे धातू ओतायचा, हीच त्याची पद्धत. ओतकाम करणाऱ्यांना यात नवीन काही वाटणार नाही.

१९४० साली अमेरिकेत ऑस्टिन मूर आणि हॅरॉल्ड बोलमन यांनी एका रुग्णाच्या मांडीच्या हाडाचा वरचा भाग काढून त्या जागी व्हायटॅलियमचा साधारण फूटभर लांबीचा तुकडा बसवला. त्या रुग्णाला जायंट सेल ट्यूमर, म्हणजे हाडाची गाठ झाली होती. आज खुब्याचा सांधा बदलणं म्हटलं की आपल्याला म्हातारपणची झीज आठवते. पण या शस्त्रक्रियेच्या सुरुवातीच्या पायऱ्यांपैकी ही एक मोठी पायरी गाठीच्या रुग्णामुळे घडली.

आता मशीनमधला कोबाल्ट. त्याच्या आधी रेडियम होतं, आणि रेडियमचं हाडाशी जुनं वैर आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत घड्याळाचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून मुली रेडियमचा रंग लावायच्या आणि ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या. शरीराला रेडियम कॅल्शियमसारखं वाटतं, म्हणून ते थेट हाडात जाऊन बसतं. त्या मुलींचे जबडे सडले, काहींना हाडाचा कॅन्सर झाला. न्यू जर्सीतले डॉक्टर मार्टलँड यांनी १९२०च्या दशकात हे उघड केलं. म्हणजे किरणांनी हाडाचा कॅन्सर होऊ शकतो, ही लोकांची भीती हवेतली नाही. फरक इतकाच की त्या मुलींच्या हाडांत किरण सोडणारा पदार्थच कायमचा जाऊन बसला होता.

त्याच वर्षांत न्यूयॉर्कच्या जेम्स युइंग यांनी १९२१ साली हाडाच्या एका वेगळ्या कॅन्सरचं वर्णन केलं. ही गाठ किरणांनी झपाट्याने विरघळते, हे त्यांच्या लक्षात आलं. आज त्याला युइंग सार्कोमा म्हणतात आणि किरणोपचाराला त्याच्या उपचारात आजही मानाचं स्थान आहे.

आपल्याकडे दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. परदेशात मिळतात तसे उपचार भारतात मिळावेत, ही दोराबजींची इच्छा होती, पण पुढच्याच वर्षी तेही गेले. त्यातूनच २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभं राहिलं. रेडियम मात्र भयंकर महाग आणि चिमूटभर मिळणारं. खोलवरच्या गाठीपर्यंत पोचण्याची ताकद त्या काळच्या एक्स-रे यंत्रांतही कमी होती. कातडी भाजून निघायची.

ही कोंडी कोबाल्टने फोडली. खाणीतून निघणारा सगळा कोबाल्ट एकाच जातीचा, कोबाल्ट-५९. तो अगदी शांत असतो. भांड्यावरचा निळा रंग, व्हायटॅलियम, आपल्या रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व, सगळीकडे हाच. तो अणुभट्टीत ठेवला की त्याच्या गाभ्यात एक न्यूट्रॉन घुसतो आणि तो होतो कोबाल्ट-६०. तो गॅमा किरण सोडत सुटतो आणि सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. दोघांत फरक फक्त एका न्यूट्रॉनचा. कॅनडातल्या अणुभट्टीत असा कोबाल्ट तयार झाला आणि १९५१च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कॅनडातच, आधी लंडन नावाच्या गावात आणि मग सॅस्काटूनला, पहिल्या रुग्णांवर उपचार झाले. रेडियमच्या मानाने तो फारच स्वस्त होता. पाहता पाहता जगभर ‘कोबाल्ट युनिट’ पोचली. आपल्या भाषेत तर ‘कोबाल्ट’ म्हणजेच शेक, म्हणजेच लाईट, असं होऊन बसलं. आज मोठ्या हॉस्पिटलांत विजेवर चालणारी लिनिअर ॲक्सिलरेटर यंत्रं असतात, त्यांत कोबाल्ट नावालाही नसतो, तरी पेशंट घरी येऊन सांगतो, “कोबाल्ट घेतला.”

महाराष्ट्राचा यात मोठा वाटा आहे. तुर्भ्याला १९५६ साली ‘अप्सरा’ आणि १९६० साली ‘सायरस’ या अणुभट्ट्या सुरू झाल्या. १९६२ साली टाटा मेमोरियल अणुऊर्जा खात्याकडे आलं. कॅन्सरचं हॉस्पिटल अणुऊर्जा खात्यात कसं, असं लोक विचारतात. त्याचं मूळ या किरणांत आहे. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे स्वतःचं कोबाल्ट यंत्र तयार केलं. वीज सारखी जाणाऱ्या जिल्ह्यांसाठी ते उपयोगाचं आहे, कारण कोबाल्टला किरण सोडायला वीज लागत नाही. गंमत अशी की हे यंत्र ‘बंद’ करता येतच नाही. आतला कोबाल्ट जाड धातूच्या कवचाआड सरकवायचा, बस. निखारे विझवत नाहीत, शेगडी झाकतात, तसं.

मग या कोबाल्टने हाडाचा कॅन्सर बरा केला का? मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या ऑस्टिओसार्कोमाच्या बाबतीत उत्तर निराशेचं आहे. लंडनचे सर स्टॅनफोर्ड केड आधी गाठीला किरणांचा मोठा डोस द्यायचे आणि काही महिने थांबायचे. त्या काळात कॅन्सर फुप्फुसात दिसला, तर निदान मुलाचा पाय तरी कापला जायचा नाही. नाही दिसला, तर पाय कापायचा. वाचायला क्रूर वाटतं, पण त्यात दयाच होती. पाय कापूनही पाचातला जेमतेम एक जगायचा. कारण गाठ दिसेपर्यंत तिचे कण बहुतेक वेळा फुप्फुसात पोचलेले असायचे, आणि तिथे ना करवत पोचायची ना कोबाल्ट.

ही स्थिती बदलली १९७०च्या दशकात केमोथेरपीने, आणि इथे धातूचा कारागीर पुन्हा गोष्टीत येतो. न्यूयॉर्कमध्ये डॉ. राल्फ मार्कोव्ह पाय न कापता धातूचा सांधा बसवू पाहत होते. पण प्रत्येक रुग्णाच्या मापाचा सांधा घडवायला दोन-तीन महिने लागायचे. तोवर मुलाला नुसतं बसवून कसं ठेवायचं? म्हणून डॉ. जेराल्ड रोझेन यांनी त्या काळात केमो सुरू केली. गाठी आकसल्या. काढलेलं हाड तपासल्यावर किती पेशी मेल्या तेही कळू लागलं. आज जगभर ऑस्टिओसार्कोमाला ऑपरेशनच्या आधी केमो देतात. त्या प्रथेला हातभार लावला तो सांधा तयार व्हायला लागलेल्या वेळाने. आता वेळेवर आणि पूर्ण उपचार घेतलेल्या, कॅन्सर इतरत्र न पसरलेल्या मुलांत साधारण दहातली सहा वाचतात.

पण परदेशी सांधा घेणं आपल्या शेतकऱ्याला कुठून परवडणार? पैशांअभावी पाय कापलेली मुलं मी शिकत असताना पाहिली आहेत. परळला डॉ. मनीष अगरवाल, डॉ. अजय पुरी यांनी देशात घडवलेले सांधे वापरायला सुरुवात केली. त्यातले काही मोडले. तेही त्यांनी लपवलं नाही, छापलं आणि सुधारलं. पुढे आयआयटी मुंबई आणि हैदराबादची धातुसंशोधन संस्था एनएफटीडीसीही या कामात उतरली.

आणि जिथे सांध्याऐवजी स्वतःचं हाडच वापरता येतं, तिथे तर किरण आणि धातू एकाच टेबलावर भेटतात. गाठ असलेलं हाड पूर्ण बाहेर काढतात, निर्जंतुक वेष्टनात गुंडाळून किरणयंत्राखाली नेतात आणि एकाच वेळी ५० ग्रे डोस देतात. शरीरात असताना एका दिवशी साधारण २ ग्रे देतात, त्यावरून अंदाज करा. आतल्या सगळ्या पेशी मरतात. मग तेच हाड परत आणून प्लेट-स्क्रूने जागेवर बसवतात. १९६८ साली इस्राएलमध्ये सुचलेली ही युक्ती परळला अनेक मुलांवर वापरली गेली आहे. कुणाचं हाड कुणाला असा प्रश्न नाही, माप चुकण्याचा प्रश्न नाही.

आता नानांच्या प्रश्नाकडे येतो. कोबाल्ट-५९चा कोबाल्ट-६० व्हायला न्यूट्रॉन लागतो, आणि तो अणुभट्टीत मिळतो. कोबाल्ट यंत्रातून निघतात गॅमा किरण; ते धातूतून गेले तरी धातू किरणोत्सारी होत नाही. टॉर्च मारल्याने भिंत टॉर्च होत नाही. म्हणून पायात सांधा असताना बाहेरून शेक घेतला, तरी ना तो पाय किरण सोडतो ना तो माणूस. त्याच्याजवळ बाळाने झोपावं. (हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या वेदनेसाठी समेरियमसारखं इंजेक्शन देतात, ते वेगळं. तिथे काही दिवस काळजी घ्यायला सांगतात, ती घ्या.)

धातूने अडचण होते ती वेगळीच. कोबाल्ट क्रोम हाडापेक्षा चौपट घन. किरण त्यावर आदळून थोडे मागे उसळतात आणि त्याच्यामागे सावली पडते. एका बाजूला डोस जास्त, दुसरीकडे कमी. सीटी स्कॅनवरही पांढऱ्या रेघा उठतात. हिशोब करणाऱ्या फिजिसिस्टला हे आधी कळायला हवं. म्हणून शरीरात कुठलीही प्लेट, रॉड, सांधा असेल तर शेक सुरू होण्याआधी सांगा आणि ऑपरेशनचा कागद सोबत न्या. धातू आहे म्हणून शेक मिळणारच नाही, हे मात्र चूक.

खरा धोकादायक कोबाल्ट भंगारात सापडू शकतो. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी बाजारात एका विद्यापीठातलं जुनं कोबाल्ट-६०चं यंत्र भंगार म्हणून गेलं. कामगारांनी ते फोडलं. अनेक जण आजारी पडले, एक दगावला. आपल्या गावात मोड विकत घेणाऱ्यांनी शिशाचं जड, बंद, पिवळ्यावर काळं तीन पात्यांचं चिन्ह असलेलं काहीही फोडू नये. पोलिसांना कळवावं.

एक गोष्ट माझ्याबद्दलची. हा मुलगा पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा गुडघा किंचित सुजलेला होता. कबड्डीत पडलो, म्हणाला. मी गोळ्या दिल्या. एक्स-रे काढला तो बारा दिवसांनी, रात्री दुखण्याने झोप येत नाही असं त्याची आई सांगत आली तेव्हा. मधल्या काळात घरच्यांनी तेल लावून चोळलंही होतं. दहा ते वीस वर्षांच्या मुलाचा गुडघा किंवा खांदा सुजला, दुखणं रात्री वाढत असलं, तर पडल्याची गोष्ट खरी असली तरी एक्स-रे पहिल्याच दिवशी काढा, आणि सूज चोळू नका. मी आता काढतो.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग एक्स-रे खिडकीकडे धरून तो पांढरा सांधा बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, “हे ओतलेलं आहे का ठोकलेलं?”